वाटीतले चिंचोके

४ जानेवारी, रविवार

निवेदिता मॅडमनी वही देऊन पंधरा दिवस झाले आणि मी आज लिहायला बसतो आहे. इतका उशीर केला त्याची आधी माफी मागतो. थंडीने बोटं आखडली हे एक कारण. दुसरं, काय लिहायचं तेच सुचत नव्हतं.

शाळेत पालकसभा होती. मुलगा सुमंत, त्याची रेल्वेत ड्यूटी. सून तेजश्री युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत. म्हणून मी, आजोबा, गेलो. नात बकुळ दहावीत आहे. पूर्वपरीक्षेत गणितात ऐंशीपैकी एकोणीस. मॅडम बंगाली आहेत, बोलणं गोड. म्हणाल्या, घरातल्या कोणीतरी रोज तिच्याजवळ बसायचं, ती कुठे अडते ते बघायचं, आणि रोज चार ओळी लिहून ठेवायच्या. मी म्हटलं, "मैडम, मैं तो सातवीं फेल हूँ." त्या म्हणाल्या, "बहुत अच्छा. आप पढ़ाने नहीं लगेंगे." सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत मनात राहिलं ते.

मॅडमची वही हिंदीत लिहायची आहे, सुवाच्य. तिच्यात जे लिहिता येणार नाही ते या दुसऱ्या वहीत लिहीन. मराठी या घरात माझ्याशिवाय कोणी वाचत नाही.

६ जानेवारी, मंगळवार

थंडीमुळे कलेक्टरने शाळा बंद केल्या. इथे गंगेकाठी आमच्या दूधविनायकाच्या गल्लीत धुकं इतकं की समोरचा नळ दिसत नाही. बकुळ रजई पांघरून गणितं करते. मला त्यातलं काही कळत नाही, पण पुस्तकाच्या शेवटी उत्तरं छापलेली असतात. तेव्हा बरोबर की चूक एवढं मला सांगता येतं.

मला लहानपणच्या वेदपाठशाळेतली पद्धत आठवली. शास्त्रीबुवा संथा द्यायचे तेव्हा पुढ्यात पितळेची वाटी असायची. एक चूक झाली की एक चिंचोका वाटीत. दिवेलागणीला वाटी उपडी करायची, जितके चिंचोके तितक्या छड्या. आम्ही पोरं त्याला प्रसाद म्हणायचो. माझा डावा कान त्या प्रसादात गेला. छडी मोडली म्हणून बुवांनी हाताने मारलं होतं. तेराव्या वर्षी मी तिथून पळालो आणि यात्रेकरूंच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला लागलो. पुढे आचारी झालो. पण रुद्र अजून एक अक्षर न चुकता येतो.

तशीच एक वाटी घरातल्या अडगळीत सापडली. बकुळला सांगितलं, "मी हात लावणार नाही. हे नुसतं मोजायला."

"ये तो गेम हुआ, आजोबा. झिरो आले तर काय देणार?"

"बेसनाचा लाडू."

"आणि तुम्ही मोजताना चुकलात तर?"

"तर मी खाईन."

चौदा चिंचोके झाले.

संध्याकाळी सुमंत आला. वाटी दिसताच बूट न काढता तिथेच थांबला. "अण्णा, ही अजून आहे?" मग वाटी हलवून बघितली. "किती?" मी म्हटलं, चौदा. त्याने बकुळच्या दप्तरातून स्टीलची पट्टी काढली. तेजश्री दूध आणायला खाली गेली होती. मी देवापाशी बसलो होतो. त्या बाजूला माझा डावा कान होता, त्यामुळे नीट ऐकू आलं नाही. एकेक चिंचोका परत डब्यात पडल्याचं मात्र ऐकलं.

९ जानेवारी, शुक्रवार

परवा अकरा. आज नऊ. मॅडमच्या वहीत आकडे लिहिले आणि पुढे लिहिलं, सुधार है.

बकुळचे तळहात सुजले आहेत. पेन घसरतं. मी हळद लावून दिली. ती म्हणाली, "आजोबा, आप ना, मोजूच नका." मी म्हटलं, मोजल्याशिवाय कळणार कसं?

सुमंत नऊ वर्षांचा होता तेव्हा मी त्याला पाढ्यांसाठी गच्चीच्या जाळीला बांधलं होतं. वर माकडं आली. तो ओरडला, मला वाटलं सोंग करतो. खांद्याला चावा घेतला माकडाने, तेव्हा सोडलं. भट्टीवरच्या तापलेल्या उलथन्याचा डाग त्याच्या पोटरीवर आहे, तोही माझाच. पुढे बारावीत फर्स्ट क्लास आला, रेल्वेत लागला. मार वाया गेला नाही असंच मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. अजून तो माझ्याकडे पाठ करून जेवायला बसत नाही, भिंतीला टेकून बसतो. सवय असेल.

१४ जानेवारी, बुधवार

आज खिचडी, म्हणजे आपली संक्रांत. आकाशात पतंग, गच्च्यांवरून आरोळ्या. समोरच्या प्रमोदिनीताई तिळगूळ घेऊन आल्या. चौतीस वर्षं मास्तरीण होत्या, तोंडाला लगाम नाही. बकुळने तिळगुळासाठी हात पुढे केला, तर त्यांनी तो उलटा करून पाहिला.

"वासुदेवभाऊ, हा पोरीचा हात आहे की भाजलेलं वांगं?"

"अभ्यास चालू आहे."

"कोणाचा? मारायचा?"

"मी हात लावलेला नाही. गणपतीच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो."

"नाही लावलात. तुम्ही नुसती यादी करून देता. यमाकडे पण एक असतो ना तसा, वही घेऊन बसलेला." मग हळू आवाजात म्हणाल्या, "मारून पाढे येतात हो. गणित येत नाही. ती वाटी नेऊन गंगेत टाका."

मला फार राग आला. तिळगूळ घेतला, गोड बोललो नाही. त्या गेल्यावर मी वाटीकडे बघत बसलो. सुमंत पट्टी उचलतो ती रागाने नाही. वाटी बघून उचलतो. जितके चिंचोके तितकेच मारतो, एक जास्त नाही, एक कमी नाही. हे मला आधी का दिसलं नाही?

१९ जानेवारी, सोमवार

वाटी टाकून दिली तर सुमंत विचारेल. म्हणून दुसरी युक्ती केली. बारा चुका झाल्या तर वाटीत पाच टाकतो, बाकी सदऱ्याच्या खिशात. बकुळने पहिल्याच दिवशी पाहिलं. उठून डब्यातला लाडू घेतला, अर्धा मला दिला.

चार दिवसांत एक गोष्ट कळली. तिला गणित येतं. उणे चिन्ह हरवतं. एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना ते गळून पडतं, आणि जिन्यात पाऊल वाजलं की हमखास. मग पुढचं सगळं चुकत जातं.

पाठशाळेत स्वर खाली उतरला की हातही खाली न्यायचो आम्ही. तोंड विसरलं तरी हात विसरत नाही. मी तिला म्हटलं, उणे आलं की डाव्या हाताचं बोट खाली ने. ती हसली. "संडे को पंडित, मंडे को मॅथ्स." पण केलं. संध्याकाळपर्यंत तीन चुका, खऱ्या मोजलेल्या. तिने पुस्तक डोक्यावर धरून खोलीभर नाच केला. मॅडमच्या वहीत लिहिलं, ऋण चिह्न. मॅडम म्हणाल्या होत्या, कुठे अडते ते बघा. हेच म्हणाल्या असतील.

२५ जानेवारी, रविवार

लिहायलाच हवं.

सकाळी सुमंतने कपडे मशीनमध्ये घातले. मशीन खडखडलं. त्याने सदरा काढून खिसा उलटा केला. चिंचोके फरशीवर सांडले. ते त्याने गोळा केले आणि ओट्यावर एका रांगेत लावले. अडतीस.

"अण्णा, हे कोणाचे?"

"माझे. चाळा म्हणून..."

"माझ्या वेळेला नव्हते खिशात टाकले एकही."

तेव्हाच मी बोलायला हवं होतं.

"अडतीस राहिलेत," तो म्हणाला आणि बकुळला हाक मारली. पट्टी सापडली नाही, म्हणून लाटणं घेतलं. तेजश्री आंघोळीला होती. मी म्हटलं, सुमंत, मी मोजणीत चुकलो. तो म्हणाला, तुम्ही कधी चुकला नाहीत. पहिले काही पाठीवर बसले. मग तिने डोकं वाचवायला उजवा हात वर केला. या वेळी माझा उजवा कान त्या बाजूला होता. वाळलेला ऊस गुडघ्यावर मोडावा तसा आवाज.

तो मोजतच होता. तेजश्री ओल्या केसांनी धावत आली तेव्हा सोळावर होता.

२६ जानेवारी, सोमवार

काल दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, कसं झालं? सगळ्यांच्या आधी मीच उत्तर दिलं. "घाट की सीढ़ी से फिसल गई. राजा घाट."

"इस कोहरे में घाट पर क्या करने गई थी?"

"दीया छोड़ने." हे मी कुठून आणलं मला माहीत नाही. पुढे शेवाळही सांगितलं, पायऱ्याही सांगितल्या. बकुळ माझ्याकडे बघत होती, जसं अनोळखी माणसाकडे बघतात. मनगटाच्या वर हाड मोडलं आहे. कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर, सहा आठवडे. गणिताचा पेपर सतरा फेब्रुवारीला आहे.

सुमंत जिलेबी घेऊन आला. तिला स्वतःच्या हाताने भरवली आणि रडला. तिने तोंड उघडलं, गिळली, पुन्हा उघडलं. डोळे छताकडे.

मी त्याला वाचवलं असं मला काल वाटत होतं. आज तसं वाटत नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

लेखनिक मिळायला डॉक्टरचा दाखला आणि शाळेचा अर्ज लागतो. बकुळ सांगेल आणि खालच्या वर्गातली एक मुलगी लिहील. मी बकुळला घेऊन शाळेत गेलो. मॅडमनी दाखला वाचला. मग माझी हिंदी वही उघडली.

"आपने लिखा है, चौदह. फिर ग्यारह. नौ. हर जगह, सुधार है. ये गिनती किसकी है, बाबूजी?"

"ग़लतियों की."

"और शाम को?"

मग मॅडमनी बकुळला विचारलं, "बेटा, कैसे गिरी?"

बकुळ म्हणाली, "आजोबा से पूछिए. वही बताते हैं."

मी म्हटलं, "राजा घाट. सीढ़ी पर काई थी."

मॅडमनी अर्जावर सही केली. माझ्याकडे बघितलं नाही. परत येताना बकुळ माझ्याबरोबर आली नाही, दुसऱ्या गल्लीने गेली. मी मागे राहिलो. मणिकर्णिकेकडे जाणारी एक तिरडी गेली, तिला वाट देण्यासाठी भिंतीला चिकटून उभा राहिलो. लोक निघून गेले तरी मी तसाच उभा होतो.

८ फेब्रुवारी, रविवार

सुमंतला लेखनिक पटला नाही. "आठवीतली पोर काय लिहिणार? आकृती कोण काढणार?" त्याने बकुळच्या डाव्या हातात पेन दिलं. "नऊ दिवस आहेत. अर्जुन दोन्ही हातांनी बाण मारायचा."

तिने एक ओळ लिहिली, वाकडी. तो म्हणाला, पुन्हा. पुन्हा. पुन्हा. दुपारी तीनला तिने पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, "बाबा, नहीं होगा." त्याने पट्टीची कड डाव्या बोटांवर मारली. सपाट नाही, कड. कातडी फाटली. वहीवर रक्त पडलं तर म्हणाला, पान बदल.

मी स्वयंपाकघरात होतो. यात्रेकरूंच्या कढईवरचा माझा मोठा लोखंडी झारा खुंटीला असतो, दोन हात लांब. तो कधी हातात आला आठवत नाही. सुमंत खाली बसला होता, त्याचं डोकं माझ्या कमरेएवढं. मी मारलं.

तो वळला. मला वाटलं, आता मला मारणार. त्रेपन्न वर्षांचा माणूस, माझ्या दुप्पट. पण त्याने दोन्ही हात डोक्यावर धरले, गुडघे पोटाशी घेतले आणि कोपऱ्यात सरकला. बारीक आवाजात म्हणाला, "अण्णा, चुकलो. परत नाही. अण्णा, चुकलो."

तो आवाज मी ओळखला. चव्वेचाळीस वर्षांनी ऐकला.

इथे मी थांबलो असं लिहावंसं वाटतं. थांबलो नाही. आणखी दोनदा मारलं. हाताला बरं वाटत होतं, हे कोणाला सांगणार? तेजश्रीने मागून झारा धरला, तिचा तळहात कापला, तेव्हा सुटला. बकुळ ओरडत होती, "मत मारो! आजोबा, बाबांना मत मारो!" ज्याने तिला मोडलं त्याच्या अंगावर ती पडली होती, प्लास्टरचा हात त्याच्या डोक्यावर धरून.

सुमंतच्या डोक्याला सात टाके पडले. तोच डॉक्टर होता. सुमंतने उत्तर दिलं, "घाट पर फिसल गया."

डॉक्टर म्हणाला, "आपके घर में कोई सीढ़ी देखकर नहीं चलता?"

९ फेब्रुवारी, सोमवार

तेजश्रीने दोन पिशव्या भरल्या. मी दारात उभा राहिलो.

"कुठे जाते आहेस?"

"मामंजी, तुम्हाला सांगितलं तर ते यांना कळेल. यांना कळलं तर मला पुन्हा दार लावावं लागेल."

"कोणतं दार?"

"न्हाणीघराचं. मी रोज आंघोळ करत होते असं वाटलं का तुम्हाला? नळ सोडून बसायचे. दूध आणायला जायचे तर पायरीवर बसायचे. माझे कान तुमच्यासारखे नाहीत, दोन्ही चांगले आहेत." तिने पिशवी उचलली. "पेपर होईपर्यंत तुम्ही दोघं तिच्या आसपास दिसायचं नाही. शाळेपाशी नाही, केंद्रापाशी नाही. दिसलात तर मी रस्त्यात ओरडेन."

बकुळ जिन्यातून खाली गेली. पाया पडली नाही. मी हात पुढे केला तर अंग चोरलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज शाळेत गेलो. बकुळ नव्हती, चौकीदाराला आधी विचारून घेतलं. मॅडमना म्हटलं, राजा घाट खोटं होतं. लाटणं होतं. आणि वाटी मी ठेवली होती. सुमंतच्या लहानपणीही मीच ठेवली होती. त्यांनी विचारलं, लिहून द्याल? मी लिहून दिलं. हिंदीत चुका झाल्या असतील. त्या म्हणाल्या, हे मला पुढे कळवावं लागेल, चौकशी होईल, तुमच्या मुलाची, तुमचीही. मी म्हटलं, कळवा.

घरी येऊन सुमंतला सांगितलं. तो भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "बरं केलंत." मग म्हणाला, "माझ्या वेळेला कोणी का नाही सांगितलं?"

मी मऊ भात केला. त्याने दोन घास खाल्ले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज पेपर. सुमंतने रजा टाकली आहे. साडेदहाला उठून उभा राहिला, पुन्हा बसला. लेखनिक असला की वेळ वाढवून देतात, म्हणजे अडीच वाजेपर्यंत. तीन वाजले. मग चार. प्रमोदिनीताईंना ती कुठे आहे ते माहीत आहे. सांगत नाहीत, पण चिठ्ठी पोचवीन म्हणाल्या. "बंद करून द्या, मी वाचणार नाही. वाचलं तर उत्तर मीच लिहीन आणि ते तुम्हाला झेपणार नाही."

चिठ्ठीत काय लिहू ते आधी इथे उतरवून बघतो. बकुळला मराठी वाचायला जड जातं, पण हिंदीत मी खोटंच जास्त लिहिलं आहे.

चि. बकुळ, अनेक आशीर्वाद. ते घेतेस की नाही मला माहीत नाही. वाटी गंगेत टाकलेली नाही. ती मॅडमना दिली, चौकशीत दाखवायची आहे. तुझे बाबा शेजारी बसले आहेत. म्हणतात, पेपर कसा गेला ते विचारा. मी त्यांना म्हटलं, नाही विचारणार. पण खरं सांगू का, सकाळपासून माझ्या मनात तेच आहे. किती चुकले, किती चुकले. विचारणार नाही असं लिहिलं म्हणजे विचारलंच की. सत्याहत्तर वर्षांची खोड आहे, एका महिन्यात कशी जाईल? तू त्याचं उत्तर देऊ नकोस. कधीच देऊ नकोस, निकाल लागला तरी.

तू बाबांच्या अंगावर का पडलीस ते मी रोज स्वतःला विचारतो. मी मारत होतो म्हणून, एवढंच ना?

प्लास्टरच्या आत खाज येते का, डाव्या बोटाची जखम भरली का, रात्री झोप लागते का, एवढंच सांग. तुझ्या हाताने लिहू नकोस. आईला सांग, नाहीतर त्या लेखनिक मुलीला. कोणाच्याही हातचं चालेल, दोन शब्द चालतील, पण लवकर कळव.